नॅट किंग कोल : गायकाच्या आतला पियानोवाला

मंद्रसप्तक

नॅट किंग कोलचा विषय निघाला की ‘मखमली आवाज’ एवढं बोलून लोक थांबतात. नाताळच्या दिवसांत मॉलमध्ये ‘द ख्रिसमस साँग’ लागतं, कुणीतरी ‘काय आवाज आहे!’ म्हणतं आणि विषय बदलतो. मला हे फार अपुरं वाटतं. कोल आधी पियानोवादक होता, तोही त्याच्या काळातल्या पहिल्या फळीतला. गायक म्हणून जगभर गाजल्यावरही तो पियानोवाल्याच्याच डोक्याने गात राहिला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

जन्म 17 मार्च 1919, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचा. मूळ नाव नथॅनियल अ‍ॅडम्स कोल्स. तो चार वर्षांचा असताना घर शिकागोला हललं. दक्षिणेतली असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबं त्या काळात कामधंद्यासाठी आणि जरा मोकळा श्वास घेता यावा म्हणून उत्तरेकडे निघाली होती, त्यातलंच हे एक. वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. पहिली गुरू आईच. बाराव्या वर्षी रीतसर शिकवणी लागली, पाश्चात्य अभिजात संगीताचा पाया तिथे पक्का झाला. पण पोराचं खरं लक्ष जॅझ पियानोवादक अर्ल हाइन्सकडे. हाइन्स शिकागोच्या ग्रँड टेरेसमध्ये वाजवायचा आणि हा रात्री घरातून सटकून क्लबच्या बाहेर उभा राहून ऐकायचा. हाइन्स उजव्या हाताने ट्रम्पेट वाजवल्यासारखे सुटे, टोकदार स्वर काढायचा. कोलच्या तरुणपणच्या वादनात ते स्वच्छ ऐकू येतं.

1936 साली थोरला भाऊ एडी याच्या बँडबरोबर पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या. मग ‘शफल अलाँग’ या संगीत नाटकाच्या दौऱ्याबरोबर तो बाहेर पडला. दौरा कॅलिफोर्नियात लाँग बीचला बंद पडला आणि हा तिथेच राहिला. मिळेल त्या बारमध्ये, मिळेल त्या पियानोवर वाजवत. 1937 मध्ये लॉस एंजेलिसला त्याचं त्रिकूट उभं राहिलं : पियानोवर कोल, गिटारवर ऑस्कर मूर, बासवर वेस्ली प्रिन्स. ड्रम नाहीत. ड्रमवाला ठरला होता पण आलाच नाही, अशी एक कथा सांगतात. काही असो, मोठमोठ्या बँडच्या त्या जमान्यात तीनच माणसं, तीही ड्रमशिवाय, ही सोपी गोष्ट नव्हती.

---

पेटीवाला

छान सुरुवात. ड्रमबद्दल थोडी भर घालतो, कारण साथसंगत करणाऱ्याला हे फार जवळचं आहे.

पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर, वाजवणारी वाद्यं. दोघं एकाच वेळी सुटले की चिखल होतो. या त्रिकुटाच्या 1940 ते 47 दरम्यानच्या कुठल्याही रेकॉर्डवर फक्त कोलच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. मूर कॉर्ड धरतो तेव्हा तो हात जवळजवळ गप्प असतो, मध्येच एखादा ठोका देऊन पुन्हा बाजूला होतो. मूर एकेरी ओळ वाजवायला लागला की कोल खालून त्याला आधार देतो. लयीची सगळी जबाबदारी बासवर, पण तिघांच्याही अंगात ती इतकी मुरलेली की ड्रमची आठवणसुद्धा येत नाही. पुढे आर्ट टेटम आणि ऑस्कर पीटरसन या पियानोवादकांनी पियानो-गिटार-बास असाच संच घेतला. वाट कोलनेच पाडली होती.

आणखी एक. तो पियानोला जरा तिरका बसायचा, तोंड श्रोत्यांकडे. हात पट्ट्यांवर, नजर समोर. गाताना हात काय करताहेत हे बघायची त्याला गरजच नव्हती. जुन्या चित्रफितींत हे दिसतं आणि दर वेळी मी थक्क होतो.

---

अनुजा_के

तो गायला कसा लागला? एका दारुड्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला आणि याला गावं लागलं, असं कुठेतरी वाचलं होतं.

---

मंद्रसप्तक

अनुजा, ती गोष्ट सगळीकडे आहे आणि गाणं ‘स्वीट लोरेन’ होतं असंही सांगतात. पण स्वतः कोलने ती तशी मान्य केलेली नाही. वाजवण्यात वैविध्य यावं म्हणून तो मधूनमधून गायचा, लोकांना ते आवडलं, मग प्रमाण वाढत गेलं, एवढंच. मला हे साधं कारणच जास्त पटतं. गाणं हा त्या त्रिकुटाच्या वाजवण्यातलाच एक भाग होता, चौथ्या वाद्यासारखा.

पहिलं मोठं यश 1943 च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित झालेलं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’. गिधाडाच्या पाठीवर बसून आकाशात निघालेल्या माकडाची ही लोककथा वडील प्रवचनात सांगत. मुलाने तिचं गाणं केलं. दुःखाची बाब अशी, की हातात पैसा नव्हता तेव्हा त्याने या गाण्याचे हक्क प्रकाशक आयर्विंग मिल्सला 50 डॉलरला विकून टाकले होते. पुढे 5 लाखांच्या वर रेकॉर्ड खपल्या.

ते ध्वनिमुद्रण होऊ शकलं यामागेही गंमत आहे. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने 1942 च्या ऑगस्टपासून रेकॉर्ड कंपन्यांवर बहिष्कार घातला होता. कॅपिटॉल ही कंपनी तेव्हा नुकतीच निघालेली. तिने 1943 च्या ऑक्टोबरात संघटनेशी करार केला. बड्या कंपन्या अजून अडून बसल्या होत्या आणि कॅपिटॉलचा स्टुडिओ मात्र उघडा होता.

---

झपताल

मी मूळचा जॅझ ऐकणारा, त्यामुळे जरा विरोधी सूर लावतो. राग मानू नये.

2 जुलै 1944 ला लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’चा पहिला जलसा झाला. पियानोवर कोल, गिटारवर लेस पॉल, सॅक्सोफोनवर इलिनॉय जॅकेट. त्यात कोल आणि लेस पॉल यांची जी सवाल-जवाबाची जुगलबंदी आहे ती ऐका. एक तुकडा टाकतो, दुसरा तसाच्या तसा परत करतो आणि वर कोपरखळी मारतो, श्रोते ओरडताहेत. कॅपिटॉलशी करार असल्यामुळे रेकॉर्डवर कोलचं नाव छापता आलं नाही, तिथे ‘शॉर्टी नदीन’ असं टोपणनाव आहे. नदीन हे त्याच्या पहिल्या बायकोचं नाव. मग 1946 मध्ये सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग आणि ड्रमवाला बडी रिच यांच्याबरोबरचं ध्वनिमुद्रण. तिथेही दुसरंच टोपणनाव.

असा माणूस 1950 नंतर पियानोवरून उठून माइकपुढे उभा राहिला आणि मागे व्हायोलिनांचा ताफा आला. माझ्या मते जॅझने तेव्हा एक मोठा वादक गमावला. मूर 1947 मध्येच सोडून गेला होता. पैसा मिळाला, प्रसिद्धी मिळाली, सगळं मान्य. पण जे गेलं त्याची हळहळ वाटायला नको का?

---

मंद्रसप्तक

झपताल, हळहळ मलाही वाटते. पण ‘गमावला’ हे मला मान्य नाही. दोन कारणं.

पहिलं, तो वाजवायचा थांबला नाही. 1956 च्या उन्हाळ्यात, गायक म्हणून शिखरावर असताना, त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ केलं (बाजारात आलं 1957 ला). ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, व्हायोलिनवर स्टफ स्मिथ, सॅक्सोफोनवर विली स्मिथ, ट्रॉम्बोनवर हुआन तिझोल, आणि पियानोवर तो स्वतः. बोटांवर कुठेही धूळ बसलेली नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘नेचर बॉय’ ऐका. ते 22 ऑगस्ट 1947 ला ध्वनिमुद्रित झालं. गाणं लिहिणारा ईडन आबेज हा लांब केस वाढवलेला, उघड्यावर झोपणारा अवलिया. त्याने ते कागद कोलच्या माणसाच्या हाती ठेवले आणि निघून गेला. गाणं बाजारात आलं तोवर 1948 चा दुसरा वादक-बहिष्कार सुरू झालेला. त्यामुळे फ्रँक सिनात्राला तेच गाणं वाद्यांशिवाय, नुसत्या समूहस्वरांच्या साथीने गावं लागलं. कोलच्या रेकॉर्डवर मात्र तंतुवाद्यं होती, बासरी होती, आणि ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

आता त्यात तो गातो कसा? ओळ संपते तिथे आवाज ताणत नाही. शेवटचा स्वर हलकेच सोडतो, पियानोच्या पट्टीवरून बोट उचलावं तसा. ताल पुढे गेलेला असतो, हा किंचित मागून येतो आणि समेच्या अलीकडे बरोबर पोचतो. शब्दातलं प्रत्येक व्यंजन सुटं आणि स्वच्छ, जसे त्याच्या उजव्या हाताचे स्वर. आवाजाचा पल्ला मोठा नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्रिकुटात वाजवताना दुसऱ्यासाठी जागा सोडायची सवय लागलेली. तीच सवय त्याने मागच्या व्हायोलिनांशी ठेवली. चाळीस वादक मागे असताना त्यांच्याशी झुंजायला न जाणारे गायक फार थोडे.

---

जुना_श्रोता

मंद्रसप्तक यांच्या मुद्द्याला जोड देतो. यात माइकचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे बिनमाइकच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा पल्लेदार गळा लागायचा आणि रेडिओ, ग्रामोफोन आल्यावर कानाशी बोलल्यासारखं भावगीत आलं. अमेरिकेत ते वळण बिंग क्रॉस्बीने आणलं. कोल त्या वाटेवरचा, पण क्रॉस्बीपेक्षाही जवळ येऊन गाणारा. ‘मोना लिसा’ (1950) हे त्याचं उत्तम उदाहरण. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं. वाद्यमेळ नेल्सन रिडलचा होता, पण रेकॉर्डवर श्रेय लेस बॅक्स्टरला गेलं. पुढच्या वर्षी रिडलनेच ‘अनफर्गेटेबल’चा वाद्यमेळ बांधला. सिनात्राबरोबर गाजण्याआधी रिडल कोलकडे घडला, हे विसरलं जातं.

---

लॉस_एंजेलिसकर

इथे राहत असल्यामुळे दोन जागांबद्दल लिहावंसं वाटलं.

एक, कॅपिटॉल टॉवर. हॉलिवूड बुलेवार्डच्या जरा वर, वाइन स्ट्रीटवरची तेरा मजली गोल इमारत, 1956 मध्ये पूर्ण झाली. माथ्यावरचा दिवा मॉर्सच्या संकेतात ‘हॉलिवूड’ असं मिचकावत असतो. कोलच्या रेकॉर्डच्या कमाईने कंपनीला इतका हात दिला की लोक हिला ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणतात.

दुसरी जागा, हँकॉक पार्क. झाडांनी भरलेली श्रीमंत वस्ती. 1948 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घर काळ्या माणसाला विकायचं नाही असे जे करार असतात ते न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये कोलचं मरिया एलिंग्टनशी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लग्न झालं होतं आणि ऑगस्टमध्ये या दोघांनी इथे घर घेतलं. घरमालकांच्या संघटनेने विरोध केला. आम्हाला इथे नको ती माणसं यायला नको आहेत, असं त्याला सांगण्यात आलं. त्यावर तो म्हणाला की मलाही नको आहेत, तसं कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन. घरच्या कुत्र्याला विष घातलं गेलं. हिरवळीवर शिवी जाळून उमटवली गेली. तो तिथून हलला नाही. मुली त्याच घरात वाढल्या.

शहरात एकीकडे त्याच्या गाण्यावर इमारत उभी राहते आणि दुसरीकडे त्याच्या मालकीच्या घरात त्याला सुखाने राहू देत नाहीत. दोन्हींत फार अंतर नाही, गाडीने थोडा वेळ.

---

निळी_शाई

हे वाचून वाईट वाटलं, पण एक अवघड प्रश्न विचारते. दक्षिणेत तो फक्त गोऱ्यांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमांतही गायचा ना? त्याच्याच लोकांनी त्यावर टीका केली होती. मग त्याला नुसतं सोसणारा म्हणायचं का?

---

मंद्रसप्तक

निळी शाई, प्रश्न रास्त आहे.

10 एप्रिल 1956, बर्मिंगहॅम, अलाबामा. पहिला खेळ गोऱ्या श्रोत्यांसाठी, साथीला इंग्लंडहून आलेला टेड हीथचा वाद्यवृंद. कोल गात असताना वर्णद्वेष्ट्या संघटनेशी संबंधित काही जण मंचावर धावून आले आणि त्याला पाडलं. पाठीला मार लागला. तो परत मंचावर आला तेव्हा सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या, पण तो खेळ त्याने पुढे गायला नाही. हे त्याच्या जन्माच्या राज्यात. आणि तिथून दीडशे किलोमीटरवर, त्याच्या जन्मगावी माँटगोमेरीत, त्याच वेळी बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ऐतिहासिक बहिष्कार चालू होता.

त्यानंतर टीका झाली ती अशी, की वेगवेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे गेलातच कशाला? हार्लेममध्ये काही ठिकाणी त्याच्या रेकॉर्ड ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणं टाकून गाणी ऐकायच्या यंत्रांतून, काढल्या गेल्या. मला वाटतं टीकेत तथ्य होतं. तो मनाने कलावंत होता, पुढारी नव्हता. गाण्याने माणसं जवळ येतील हा त्याचा विश्वास खरा होता, पण त्या वर्षी तेवढं पुरेसं नव्हतं. त्याच वेळी हेही खरं, की प्रवेश नाकारणाऱ्या हॉटेलांवर त्याने आधीच खटले भरले होते. बर्मिंगहॅमनंतर थोड्याच दिवसांत 500 डॉलर भरून तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या डेट्रॉइट शाखेचा आजीव सभासद झाला.

---

निळी_शाई

धन्यवाद. टीकेत तथ्य होतं हे आपण म्हणालात ते आवडलं. चाहत्यांकडून सहसा ऐकू येत नाही.

---

पेटीवाला

मग टीव्हीचं प्रकरण लिहायलाच हवं. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला एनबीसीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. आधी पंधरा मिनिटांचा, 1957 च्या जुलैपासून अर्ध्या तासाचा. वाद्यवृंद नेल्सन रिडलकडे. एला फिट्झजेरल्ड, पेगी ली, हॅरी बेलाफाँटे, सॅमी डेव्हिस ज्युनियर अशी मंडळी मित्राखातर किमान मानधनावर आली. पण देशभरासाठी प्रायोजक म्हणून एकही कंपनी पुढे आली नाही. काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला जाहिरात दिली तर दक्षिणेतलं गिऱ्हाईक तुटेल ही भीती. वाहिनीने वर्षभर खर्च सोसला. शेवटी अडचणीची वेळ देऊ केली तेव्हा कोलनेच नकार दिला. 17 डिसेंबर 1957 ला कार्यक्रम संपला. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला, म्हणजे जाहिरातवाल्यांना, अंधाराची भीती वाटते, हे त्याचं वाक्य त्यावरचं.

टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम असलेला तो पहिलाच कृष्णवर्णीय होता असं मात्र नाही. 1950 मध्ये ड्युमाँट वाहिनीवर हेझल स्कॉटचा कार्यक्रम होता. तीही पियानोवादक. तिच्या नवऱ्याने, अ‍ॅडम क्लेटन पॉवेलने, कोलचं लग्न लावलं होतं.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. माझे आजोबा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे. गोव्याच्या त्या पिढीला नोटेशन वाचता यायचं, त्यामुळे अशी गाणी नृत्याच्या रात्री नेहमीची. आजोबा म्हणायचे, सिनात्राची नक्कल करणारे भेटतात, कोलची नक्कल करायला गेलास की तुझं स्वतःचं ढिलेपण उघडं पडतं.

एक शंका. ‘कोल एस्पान्योल’ ही त्याची स्पॅनिश गाण्यांची रेकॉर्ड आमच्याकडे अजून वाजते. त्याला स्पॅनिश येत होतं का?

---

मंद्रसप्तक

नाही येत. 1958 च्या त्या रेकॉर्डचा बराच भाग हवानात झाला, शब्द त्याने उच्चारानुसार पाठ केले. स्पॅनिश जाणणारे त्याच्या उच्चारांवर हसतातही, पण लॅटिन अमेरिकेने ती रेकॉर्ड डोक्यावर घेतली. पुढच्या वर्षी ‘आ मिस अमिगोस’ ब्राझीलमध्ये केली. ‘एल-ओ-व्ही-ई’ तर जपानी, इटालियन, जर्मनमध्येही आहे. न कळणाऱ्या भाषेतही त्याची व्यंजनं जागच्या जागी पडतात.

शेवट मात्र फार लवकर आला. तो दिवसाला तीन पाकिटं मेंथॉलच्या सिगारेटी ओढायचा. सिगारेटीने आवाजाला भरदारपणा येतो असा समज होता, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी मुद्दाम ओढायचा. 1964 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा अल्बम गायला आणि त्याच महिन्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं. जानेवारीत एक फुप्फुस काढलं. 1 फेब्रुवारीला वडील गेले, 15 फेब्रुवारी 1965 ला तो. वय 45. त्या शेवटच्या अल्बममध्ये आजारी आवाज शोधून सापडत नाही.

---

अनुजा_के

45 हे माहीत नव्हतं. रेकॉर्ड ऐकताना नेहमी साठीतला माणूस डोळ्यासमोर यायचा.

आणि मुलीबरोबरचं ते ‘अनफर्गेटेबल’? गेलेल्या माणसाच्या आवाजावर दुसरा आवाज चढवणं मला जरा खटकतं.

---

झपताल

मलाही तत्त्वतः खटकतं, पण या एका बाबतीत नाही. वडील गेले तेव्हा ती मुलगी, नॅटली, अवघी 15 ची. गायला लागल्यावर बरीच वर्षं तिने मुद्दाम त्यांची गाणी टाळली, आपल्या वाटेने गेली, ग्रॅमी हा संगीताचा मोठा पुरस्कार मिळवला. 1991 मध्ये, स्वतःचं नाव झाल्यावर, ती या गाण्यांकडे वळली. 1992 च्या ग्रॅमीत वर्षाचा अल्बम, वर्षाची रेकॉर्ड आणि वर्षाचं गाणं ही तिन्ही मिळाली. चाळीस वर्षं जुनं गाणं ‘वर्षाचं गाणं’ ठरलं. ती घाईने वडिलांच्या नावावर स्वार झाली नाही, म्हणून मला ते चालतं.

---

मांडवीकाठ

माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मुलांना कोलचं काय आधी ऐकवू? सतरा-अठराची मुलं आहेत, हात बरा आहे, पण भरमसाट वाजवतात.

---

मंद्रसप्तक

मग गाणी नकोतच आधी. 1944 चा तो जलसा ऐकवा, लेस पॉलबरोबरची जुगलबंदी. वेगाची हौस तिथे भागेल. मग लेस्टर यंगबरोबरचं. तिसरं, त्रिकुटाचं ‘स्वीट लोरेन’, आणि पेटीवाला म्हणाले तसं फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्यायला सांगा. मुलांना म्हणावं, तो कुठे वाजवत नाही त्या जागा कागदावर खुणेने मांडा. हे झाल्यावर ‘आफ्टर मिडनाइट’.

ऑस्कर पीटरसनने कोल गेल्यावर 1965 मध्येच त्याला वाहिलेला एक अल्बम केला, तोही जोडीला घ्या. पीटरसन त्यात गायलाय आणि आवाज इतका कोलसारखा की मुलं दचकतील. पियानोवाला गायला लागला की काय होतं, हे त्यांना दोन माणसांत ताडून बघता येईल.

---

मांडवीकाठ

उत्तम. शनिवारच्या वर्गात जुगलबंदीपासून सुरुवात करतो. खुणांचे कागद कसे आले ते इथेच लिहीन.